पॉवर स्टेशन : वाहनातील सॉकेटवरून चार्जिंग (पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा)

मोटार, टेम्पो किंवा ट्रकमध्ये कारखान्यातूनच बसवून आलेल्या वीज-सॉकेटमधून सुवाह्य बॅटरीसंच भरून घेण्याची रीत. या संचाला बाजारात ‘पॉवर स्टेशन’ म्हणतात. हे नाव पुणे जिल्ह्यातल्या जुन्या माणसाला चमत्कारिक वाटेल. त्याच्या लेखी पॉवर स्टेशन म्हणजे घाटाखाली खोपोली, भिवपुरी, भिरा येथे टाटांनी उभारलेली जलविद्युत केंद्रे. त्यांतले खोपोलीचे 1915 साली सुरू झाले. आता तेच नाव कडीला धरून डिकीत ठेवता येणाऱ्या खोक्याला मिळाले आहे. खोक्यात लिथियमची बॅटरी (अलीकडे बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट जातीची), 230 व्होल्टचा प्रवाह देणारा इन्व्हर्टर, चार्जिंगचे नियमन करणारे मंडल आणि वॉट दाखवणारा छोटा पडदा एवढे सामान असते. हा संच भिंतीवरच्या प्लगवर, सौर पॅनेलवर किंवा गाडीवर भरता येतो. तिन्हींत गाडीचा मार्ग सर्वांत सोयीचा आणि सर्वांत संथ.

या पट्ट्यात अशा संचाला गिऱ्हाईक का आहे, हे विजेच्या वेळापत्रकावरून कळते. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतींची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते आणि महावितरणही देखभालीच्या कामासाठी बहुधा गुरुवारीच वीज बंद ठेवते. त्याआधीची आठवण भारनियमनाची आहे. 2006 मध्ये ‘पुणे मॉडेल’ म्हणून गाजलेल्या योजनेत उद्योगांनी जास्त मागणीच्या तासांत स्वतःचे जनरेटर चालवले आणि त्यातून वाचलेली वीज शहराला मिळाली. महाग विजेचा फरक ग्राहकांकडून जादा आकार घेऊन भागवला गेला. ज्या गावाने एकेकाळी कारखान्यांच्या जनसेटवर उजेड पाहिला, तिथे गाडीच्या इंजिनावर खोके भरून घेण्याची कल्पना कुणाला नवलाची वाटत नाही. साइटवर मोजमाप घेणारे, मशीन दुरुस्तीला फिरणारे, लग्नकार्यात ध्वनी-प्रकाशाची कामे घेणारे आणि गुरुवारी घरून लॅपटॉपवर काम करणारे हे त्याचे मुख्य वापरकर्ते.

डॅशबोर्डवरचे गोल सॉकेट मुळात वीज देण्यासाठी जन्मले नाही. ते सिगारेट पेटवण्याच्या तापत्या तारेचे घर होते आणि आजही गॅरेजमध्ये त्याला ‘लायटर’च म्हणतात. मधले टोक धन, भोवतीची नळी ऋण, आतला व्यास सुमारे 21 मिलिमीटर. लायटरला काही सेकंद प्रवाह लागे. आपण त्याच भोकातून तासन् तास प्रवाह मागतो. बहुतेक गाड्यांत या सॉकेटला 10 ते 20 अँपिअरचा फ्यूज असतो आणि पुष्कळ ठिकाणी झाकणावर ‘12 व्होल्ट, 120 वॉट’ असे छापलेले आढळते. म्हणून पॉवर स्टेशन बनवणारे स्वतःच्या बाजूने मर्यादा घालतात. गाडीवरून घेतला जाणारा प्रवाह साधारण 8 अँपिअर, म्हणजे 100 वॉटच्या आसपास. खोके केवढेही असो, तोटी तेवढीच. इकोफ्लोचा ‘रिव्हर 2’ हा 256 वॉट-तासांचा लहान संच तीनेक तासांत भरतो. त्याच कंपनीच्या ‘डेल्टा 2’ला, म्हणजे 1024 वॉट-तासांच्या संचाला, अकरा-बारा तास लागतात. जाहिरातीत ‘तासाभरात चार्ज’ असे असते ते भिंतीवरच्या प्लगचे, गाडीचे नव्हे.

हिशेब स्थानिक करून पाहू. चिंचवडहून चाकणला जाणारा माणूस नाशिक महामार्गावरच्या कोंडीत अडकला, तळेगाव चौकात थांबला आणि एकूण दीड तासाने कंपनीच्या फाटकाशी पोचला, तर त्याच्या खोक्यात जास्तीत जास्त दीडशे वॉट-तास पडतात. गळती वजा जाता सव्वाशे धरावेत. एवढ्यात साठ वॉटचा लॅपटॉप दोन तास चालतो किंवा घरचा वायफाय राउटर दहा तासांहून अधिक. येताना तेवढेच पुन्हा. चाकणच्या कोंडीचा काही उपयोग असेल तर तो एवढाच.

इंजिन बंद असताना मात्र गणित उलटे फिरते. छोट्या मोटारीची शिशाची बॅटरी 35 अँपिअर-तासांची धरली, तर तिच्यात सारे मिळून 420 वॉट-तास असतात आणि त्यांतले निम्मे काढले तरी सेल्फ मारायला ती कुरकुरते. म्हणजे पाचशे वॉट-तासांचे रिकामे खोके उभ्या गाडीवर लावणे हे हंड्यातले पाणी पिंपात ओतून पिंप भरण्याची वाट पाहण्यासारखे आहे. पुष्कळ गाड्यांचे सॉकेट चावी काढली की बंद होते. काहींचे सतत चालू राहते. आपली गाडी कोणत्या जातीची हे पहिल्याच दिवशी चावी काढून तपासावे, नाहीतर सकाळी सोसायटीच्या वॉचमनला धक्का मारायला बोलवावे लागते. चांगल्या संचांत गाडीचा व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेला की चार्जिंग थांबवण्याची सोय असते, पण सर्वच संचांत ती नसते.

केवळ खोके भरण्यासाठी गाडी जागेवर चालू ठेवणे हा शुद्ध उधळेपणा. छोटे पेट्रोल इंजिन उभ्याने ताशी अर्धा ते पाऊण लिटर पिते आणि त्या तासात खोक्याला मिळतात शंभर वॉट-तास. एक युनिट वीज साठवायला दहा तास आणि सहा-सात लिटर पेट्रोल. शंभरी ओलांडलेल्या भावात ते युनिट सहाशे-सातशे रुपयांना पडते. वाटेत जाता-जाता भरलेल्या विजेला हा हिशेब लागू नाही, कारण इंजिन तसेही फिरत असते.

इंजिनावर फिरून गाडीची वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर शंभर वॉटचा भार काहीच नाही. मोटारीचा अल्टरनेटर सहज हजार वॉट देऊ शकतो. अडचण आहे ती मधल्या वायरची आणि सॉकेटच्या पकडीची. सैल बसलेल्या प्लगचा रोध 0.1 ओहम जरी झाला, तरी 10 अँपिअरला त्या एका ठिकाणी 10 वॉट उष्णता निर्माण होते. ती जाण्याजोगी जागा तिथे नसते, प्लास्टिक मऊ पडते आणि पकड आणखी सैल होते. प्लग हाताला चटका देत असेल तर चूक खोक्याची नसून त्या सांध्याची आहे. फ्यूज उडाला म्हणून त्याजागी मोठा फ्यूज घालणे ही गॅरेजमधली सर्रास आणि सर्वांत वाईट युक्ती. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, गिऱ्हाइकाची सोय पाहण्यासाठी नव्हे. अलीकडच्या अनेक गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचा व्होल्टेज संगणक कमी-जास्त करतो, त्यामुळे पडद्यावरचे वॉट कधी शंभर, कधी पंच्याऐंशी दिसतात. सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणाऱ्या गाडीत पुन्हा सेल्फ लागताना चार्जिंग क्षणभर तुटते. दोन्ही गोष्टी बिघाड नव्हेत.

ट्रकचे प्रकरण निराळे आहे आणि या पट्ट्यात ते महत्त्वाचे. अवजड वाहनात 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून 24 व्होल्टची यंत्रणा केलेली असते. पॉवर स्टेशनच्या गाडी-इनपुटवर ‘12/24 व्होल्ट’ असे लिहिलेले असेल, तर त्याच 8 अँपिअरमध्ये दुप्पट, म्हणजे सुमारे दोनशे वॉट मिळतात. दोन दिवसांच्या फेरीला निघालेल्या ड्रायव्हरचे मोठे खोकेही त्यात भरते. फक्त 12 व्होल्टसाठी बनवलेले उपकरण मात्र अशा सॉकेटला लावताच जळू शकते. त्यावर उपाय म्हणून निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीपासून हायवेवरच्या टपऱ्यांपर्यंत कुठल्याही वायरमनला ठाऊक असलेली तोड म्हणजे दोन्ही बॅटऱ्यांच्या मधून वायर काढणे. 12 व्होल्ट मिळतात खरे, पण एकाच बॅटरीवर सारा ताण पडतो. चार्जिंग मात्र जोडीने होत असल्याने एक बॅटरी कायम अर्धपोटी आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरलेली राहते, आणि अखेर दोन्ही बदलाव्या लागतात. 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर त्यापेक्षा स्वस्त पडतो. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा, 2005 साली पुण्यातूनच बाजारात आलेला टाटा एस किंवा तत्सम पिकअप यांची यंत्रणा 12 व्होल्टचीच असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही. तिथे मोटारीचेच नियम.

सॉकेटची तोटी अपुरी वाटणाऱ्यांसाठी तिला वळसा घालणारी साधने निघाली आहेत. ब्लूएटीचा 560 वॉटचा आणि इकोफ्लोचा 800 वॉटचा अल्टरनेटर चार्जर थेट गाडीच्या बॅटरीवरून जाड वायर ओढून घेतात. आठशे वॉट म्हणजे साठ अँपिअर. इथे बोटाएवढी जाड केबल, बॅटरीलगत फ्यूज आणि घट्ट दाबून बसवलेले लग लागतात. कोंडीत एसी, दिवे, पंखा चालू असताना आणि इंजिन संथ फिरत असताना हा भार जड जातो, म्हणून तो कमी ठेवण्याची सोय चार्जरमध्ये असते. काम हौशी माणसाचे नाही आणि नव्या गाडीची वायर कापली तर वॉरंटीवर पाणी सोडावे लागते.

विजेच्या मोटारीत अल्टरनेटरच नाही. तिथले 12 व्होल्टचे सॉकेट मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरमार्फत पोसले जाते. तोटी तीच, 100 वॉटचीच. फरक पडतो तो गाडीतून बाहेर 230 व्होल्ट देण्याच्या सोयीमुळे. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या टाटाच्या नव्या नेक्सॉन ईव्हीत ती देण्यात आली. अशा गाडीवर पॉवर स्टेशन त्याच्या भिंतीवरच्या चार्जरनेच लावता येते आणि ‘डेल्टा 2’सारखा संच दीड तासाच्या आत भरतो. अर्थात एवढी वीज थेट गाडीतूनच मिळत असेल तर मधले खोके कशाला, हा रास्त प्रश्न आहे. गाडी फाटकाबाहेर आणि काम शेडच्या आत असेल, तेव्हाच त्याला उत्तर मिळते.

एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक बाब आड येते. लिथियमच्या संचाचे नियंत्रक मंडल सुमारे 45 अंश सेल्सिअसपुढे चार्जिंग नाकारते आणि उन्हात दिवसभर काचा लावून उभ्या असलेल्या मोटारीत तापमान त्याच्या बरेच वर जाते. पहिली पाळी सुटल्यावर पार्किंगमधून गाडी काढली, प्लग लावला, दिवाही लागला, तरी एसीने आतली हवा आणि खोक्याचे अंग निवेपर्यंत पडदा शून्य वॉट दाखवत राहतो. चाकणहून परतताना वाटेतला कुरुळी फाटा मागे पडल्यावर कधीतरी आकडा चढू लागतो.