मांजरीचे नाव चांदवडी

मनी, मन्या, माऊ, चिंगी, बोक्या. मराठी घरांतील मांजरांची नावे बहुधा एवढ्यातच आटोपतात. मुसलमान घरे त्याला अपवाद नाहीत. घरात दखनी बोलणारी आमची माणसे मांजरीला 'बिल्ली' म्हणतात, पण हाक मारायची वेळ आली की 'मनी'च म्हणतात. इतिहासात मान मिळाला तो कुत्र्याला. छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचे स्मारक संगम माहुलीला आहे. मांजर मात्र चुलीपाशीच राहिले.

इस्लामच्या इतिहासात चित्र निराळे आहे. हजारो हदीस ज्यांच्या नावे सांगितल्या जातात ते सहाबी अबू हुरैरा. येमेनच्या दौस कबिल्यातला हा गृहस्थ. इस्लाम स्वीकारल्यावरचे त्यांचे नाव बहुतेक चरित्रकार अब्दुर्रहमान असे देतात. पण ते नाव ग्रंथांत राहिले आणि लोकांच्या तोंडी टोपणनाव बसले. 'हुरैरा' म्हणजे मांजरीचे पिल्लू. घरची बकरी चारताना ते एक पिल्लू सोबत बाळगत, म्हणून लोक त्यांना पिल्लाचा बाप म्हणू लागले. माणसाने मांजराला नाव द्यावे ही रीत. इथे मांजरानेच माणसाला नाव दिले आणि ते चौदाशे वर्षे टिकले.

अबू कतादा या दुसऱ्या सहाबींनी वजूच्या पाण्याचे भांडे मांजरीपुढे तिरके धरले, अशी हदीस आहे. मांजर नापाक नाही, ती तुमच्या घरात वावरणाऱ्यांपैकी आहे, असा तिचा आशय. संस्कृतातला 'मार्जार' हा शब्दही अंग पुसणारा, स्वच्छ करणारा या अर्थाचा. दोन दूरच्या भाषांनी एका जनावरात एकच गुण पाहिला, याचे आम्हाला नवल वाटते.

वेगळे नाव शोधणारी मुस्लिम घरे आता 'मुइज्जा'कडे वळतात. पैगंबरांच्या बाहीवर ती झोपली होती, तिची झोप मोडू नये म्हणून त्यांनी बाही कापली, अशी कथा. कथा गोड आहे, पण हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती नाही. बाहीची हीच गोष्ट बाराव्या शतकातले सूफी अहमद रिफाई यांच्याबद्दलही सांगतात. श्रद्धेच्या पोटी लोकांनी रचलेली कथा म्हणून ती जपावी. हदीस म्हणून सांगू नये.

चौदाव्या शतकातील अद्दमीरी यांनी 'हयातुल हयवान' या प्राणिकोशात एक किस्सा दिला आहे. एका बदूला मांजर सापडले. वाटेत भेटेल तो त्याला निराळे नाव सांगे. कोणी सिन्नौर म्हणे, कोणी हिर्र, कोणी कित्त. एवढी नावे आहेत तर किंमतही मोठी असणार, असे समजून तो बाजारात गेला. तिथे कळले, मोल अर्धा दिरहम! नावे किती आणि किंमत किती, असे म्हणत त्याने ते फेकून दिले. आपल्याकडे म्हणतातच, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

नाव आणि मोल यांचा हा हिशेब आमच्या चांदवडला नवा नाही. आमच्या घरी रुपेरी करड्या रंगाचे पिल्लू आले तेव्हा मुलांना मुइज्जा हवे होते. वडीलधाऱ्यांनी सांगितले, बुजुर्गांची नावे जनावराला देऊ नयेत. पण जनावराला चांगले नाव द्यायला हरकत कसली? पैगंबरांच्या उंटिणीचे नाव कस्वा होते, खेचराचे दुलदुल. शेवटी नाव ठरले चांदवडी. शेजाऱ्यांना वाटले, गावावरून ठेवले. खरे तर ते रुपयावरून ठेवले आहे.

मुंबई-आग्रा रस्त्यावरचे हे गाव होळकरांचे. अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जाणारा रंगमहाल इथेच आहे. इथे टांकसाळही होती. तिच्यातून पडणारा रुपया तो चांदवडी. त्याच्यावर नाव दिल्लीचा बादशहा दुसरा शाह आलम याचे, लिपी फारसी आणि टांकसाळीचे नाव 'जाफराबाद उर्फ चांदोर'. शाह आलम 1759 ते 1806 बादशहा म्हणवला, पण त्याची सत्ता दिल्लीभोवतीही धड उरली नव्हती. 1788 मध्ये गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले आणि पुढे महादजी शिंद्यांच्या आधारावर तो तख्तावर राहिला. तरीही मराठा सरदारांच्या मुलखात रुपया त्याच्या नावाने पडत होता, कारण बाजाराला ते नाव ओळखीचे होते. चांदीची पारख मात्र सराफ स्वतः करी आणि त्याप्रमाणे बट्टा लावी.

आम्हाला या नाण्यावरचा सर्वांत मोलाचा शब्द वाटतो तो 'उर्फ'. मूळ अरबी, फारसीतून मराठीत आला आणि सातबाऱ्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत रुळला. तो परका आहे असे कोणाला आठवतही नाही. आमची नावे अरबी, आडनावे पुष्कळदा गावांची, बोली दखनी किंवा कोकणी आणि लिहिणे मराठीत. तरी आम्हाला विचारले जाते, तुम्ही नक्की कोण? 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हाही वाद एकाच प्रश्नावर येऊन थांबला : हे नाव की ते? अडीचशे वर्षांपूर्वीच्या आमच्या टांकसाळीतल्या कारागिराला ही अडचण पडली नव्हती. बोटाच्या पेराएवढ्या चांदीवर त्याने जाफराबादही बसवले आणि चांदोरही. मध्ये फक्त एक 'उर्फ' घातला.