वारसाचा रकाना

यवतमाळ म्हटलं की दोन शब्द एका दमात येतात, कापूस आणि आत्महत्या. माझं आजोळ त्या जिल्ह्यातलं. त्यामुळे कँटीनच्या टेबलावर कुणीतरी हमखास विचारतं, "तुमच्याकडे हे इतकं का होतं रे?" मग कर्ज, पाऊस, कापसाचा भाव, बियाण्याची किंमत अशी यादी सांगायची. यादी खरीच आहे. पण कुठलाही मानसोपचारतज्ज्ञ पहिल्या भेटीतच जो प्रश्न विचारतो, तो या यादीत कधी येत नाही: घरात याआधी कुणाला असं झालं होतं का?

हा प्रश्न यवतमाळच्या गोष्टीतून कसा गळाला, हे शोधण्यात गेले तीन विकांत गेले. विषय जड आहे. आज नको वाटत असेल तर खुशाल नंतर वाचा.

सुरुवात १९ मार्च १९८६ पासून करावी लागते. महागाव तालुक्यातलं चिलगव्हाण हे गाव. तिथले साहेबराव करपे हे शेतकरी, गावचे माजी सरपंच, भजनाची आणि संगीताची आवड असलेले. वीजबिल थकलं, वीज तोडली गेली, उभं पीक वाळलं. ते बायको आणि चार मुलांना घेऊन वर्ध्याजवळ पवनारच्या बाजूला दत्तपूरला गेले आणि तिथे सहाही जण विषाने मेले. मागे चिठ्ठी होती, शेतकरी म्हणून जगणं कसं अशक्य झालंय हे सांगणारी. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून ही घटना ओळखली जाते. २०१७ पासून दर १९ मार्चला किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून लोक एक दिवस अन्नत्याग करतात, तो हीच आठवण म्हणून.

मी अडकलो तो एका शब्दापाशी. 'आत्महत्या'. सहा माणसं मेली, त्यातली चार मुलं होती. त्या मुलांनी काहीच ठरवलं नव्हतं. कायद्याच्या भाषेत मुलांच्या मरणाला खून म्हणतात. हे वाक्य टाइप करतानाही हात अडखळतो, कारण त्या बापाला खुनी म्हणायला आपली जीभ रेटत नाही. आणि ती रेटत नाही यात काहीतरी खरं दडलेलं आहे.

१९६९ साली फिलिप रेझनिक नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने आईबापांनी आपल्याच मुलांना मारल्याची १३१ प्रकरणं गोळा केली, १७५१ पासून १९६७ पर्यंतची. हेतूंप्रमाणे त्याने त्यांचे पाच गट केले. राग, सूड, नको असलेलं मूल वगैरे गट होतेच. पण सगळ्यात मोठा गट निघाला तो 'भल्यासाठी' मारणाऱ्यांचा. आपण गेल्यावर यांचं काय होणार, यांना हे भोगायला नको, असं वाटून मारणारे. तीव्र नैराश्यात पुढचा रस्ता स्वतःपुरताच बंद होत नाही. 'माझी' म्हणून जी जी माणसं आहेत त्या सगळ्यांचाच तो बंद झालाय, असं खात्रीने वाटायला लागतं. त्यात प्रेम असतं, म्हणूनच ते इतकं भयंकर आहे.

गेलेल्या माणसाचं निदान कागदावरून करू नये, डॉक्टरही करत नाहीत, तेव्हा मी करपेंचं करणार नाही. पण त्यांच्यानंतर जिल्ह्यात जे हजारो गेले, त्यांच्याबाबतीत निदानाचा प्रश्न निदान विचारला तरी गेला का? इथे गोष्ट कागदपत्रांकडे वळते.

२००५-०६ च्या शासन निर्णयांनी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये मदत ठरली. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. पैसे द्यायचे की नाही हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. निकष साधारण असे: बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज हवं, ते थकलेलं हवं, वसुलीचा तगादा हवा. मग प्रकरण 'पात्र'. आजारपण, दारू, घरगुती भांडण असं काही कारण पुढे आलं की 'अपात्र'.

आता आपण सॉफ्टवेअरवाले लोक. जो फील्ड भरला की पैसे अडतात, तो फील्ड लोक रिकामाच ठेवणार, हे सांगायला सीनियर आर्किटेक्ट लागत नाही. तेराव्याच्या आत तलाठी दारात येतो. "काही आजार होता का?" या प्रश्नाला घरची बाई काय उत्तर देईल? "नव्हता." ती खोटारडी नसते, तिला जूनमध्ये पेरणी करायची असते. म्हणजे ज्या जिल्ह्यात नैराश्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायला हवं होतं, तिथे त्याचं नाव घेण्याची किंमत १ लाख रुपये होऊन बसली.

याला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. शेतकरी चळवळीतले लोक मानसिक आजाराचं नाव घ्यायला कचरतात, आणि त्यांची भीती रास्त आहे. "मनाने कमजोर होते म्हणून मेले" असं एकदा म्हटलं की कापसाचा भाव, सिंचन, कर्जपुरवठा या सगळ्यांतून सरकार सुटलं. पण हार्टअ‍ॅटॅकचं उदाहरण घ्या. बापाला हृदयविकार होता, मुलगा सोळा-सोळा तास काम करतो, मॅनेजर छळतो, आणि एक दिवस मुलगा कोसळतो. आनुवंशिकता आहे म्हणून मॅनेजर सुटत नाही, आणि मॅनेजर आहे म्हणून आनुवंशिकता खोटी ठरत नाही. कंपनीच्या मेडिक्लेमचा फॉर्म भरताना डायबेटिस, बीपी, हार्ट यांचा कौटुंबिक इतिहास आपण बिनदिक्कत लिहितोच की.

मग नैराश्यात घराण्याचा वाटा असतो तरी किती? जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २००० साली मांडला गेला, त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ३७ टक्के निघाला. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत कुणाला तीव्र नैराश्य असेल तर आपला धोका इतरांच्या दोन ते तीन पट. उरलेला मोठा वाटा परिस्थितीचा. यवतमाळची परिस्थिती आपल्याला माहीतच आहे.

याच्या अगदी उलट परिस्थिती असलेली एक जागा शोधली तर? अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये आमिश नावाचा ख्रिस्ती शेतकरी समाज राहतो. दारू वर्ज्य, एकत्र राहणारी कुटुंबं, अडीअडचणीला अख्खं गाव धावून येणारं. जेनिस एगलंड आणि सहकाऱ्याने १९८५ साली त्यांचा १८८० ते १९८० असा शंभर वर्षांचा हिशोब प्रसिद्ध केला. आत्महत्या फक्त २६. आणि त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश चारच घराण्यांत! इथपर्यंत वाचून अंगावर काटा येतो, नशीबच ठरलेलं आहे असं वाटतं. पण पुढची ओळ जास्त महत्त्वाची आहे. नैराश्याचा तितकाच जड वारसा असलेली दुसरीही घराणी तिथे होती, आणि त्यांच्यात शंभर वर्षांत आत्महत्या नव्हती. वारसा म्हणजे शिक्षा नव्हे, एवढं त्यातून मला कळलं.

आता गुन्ह्याकडे. २०१५ साली सीना फाझेल आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधल्या नैराश्याच्या ४७,१५८ रुग्णांची तुलना सुमारे नऊ लाख इतर लोकांशी केली. निदानानंतर हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेले पुरुष ३.७ टक्के, बायका ०.५ टक्के. इतरांत हेच आकडे १.२ आणि ०.२. म्हणजे साधारण तिप्पट. रुग्णांच्या ज्या सख्ख्या भावंडांना नैराश्य नव्हतं, त्यांच्यातही शक्यता दीडपट होती, म्हणजे इथेही घराचा काही वाटा आहेच. पण आकडा उलटा वाचा. नैराश्याच्या हजार पुरुष रुग्णांतल्या ९६३ जणांनी असा कुठलाही गुन्हा केला नाही. तुमच्या शेजारच्या क्यूबिकलमधला गोळ्या घेणारा मित्र धोकादायक आहे असा अर्थ यातून काढाल, तर गणित चुकलं म्हणायचं.

आपल्या कायद्याने घराचा इतिहास कधी विचारलाय का? एका जागी विचारलाय, तोही आरोपीच्या पिंजऱ्यात. महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाने १९९४ साली बायकोचा खून केला. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला वेडसरपणाच्या बचावाखाली, म्हणजे भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ खाली, निर्दोष ठरवलं. त्याला नैराश्य नव्हतं, स्किझोफ्रेनिया होता. पण न्यायालयाने जी कारणं मोजली त्यातलं एक होतं, वडिलांनाही मानसिक आजार होता हे. दुसरं, घटनेनंतर सहाएक महिन्यांत त्याला २५ वेळा उपचारांसाठी न्यावं लागलं होतं. वडिलांचा आजार कागदावर आला, पण बायको गेल्यावर.

आत्महत्येचा प्रयत्न तर आपल्याकडे १८६० पासून गुन्हाच होता, कलम ३०९. करपे गेले त्याच १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने, डोक्याला इजा होऊन मानसिक आजार जडलेल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. अशा माणसाला तुरुंग नको, डॉक्टर हवा, असा त्याचा सूर. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम पुन्हा वैध ठरवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मात्र असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ राहिलं नाही. एका निकालातलं शहाणपण पुस्तकात उतरायला ३८ वर्षं लागली.

आणि जी मागे राहिली त्यांचं काय? जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द झालं आणि उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर सांभाळणाऱ्या जिल्ह्यातल्याच एका बाईने. आपल्याला टीव्हीवर वाद दिसला. मला त्यात एक पिढी दिसते. स्वीडनमधल्याच २०१० च्या एका अभ्यासात, अठराच्या आत आई किंवा बाप आत्महत्येने गमावलेल्या मुलांत स्वतः आत्महत्येने जाण्याचा धोका इतरांच्या तिप्पट दिसला. आईबाप कुठल्याही कारणाने लवकर गेलेल्या मुलांत हिंसक गुन्ह्यांतल्या शिक्षाही जास्त दिसल्या. सातबाऱ्यावर या मुलांची नावं वारस म्हणून चढतात. जमीन येते, तिच्यावरचा बोजा येतो. तिसरं जे येतं त्याला सातबाऱ्यात रकाना नाही.

ते थांबवता येतं का? शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला, निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं, त्यांच्यामागे समुपदेशक, आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्के झाले. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ वर आलं. त्या दीड वर्षात कापसाला काही सोन्याचा भाव आला नव्हता. फक्त कुणीतरी दारात येऊन विचारत होतं.

हे सगळं वाचल्यावर मी मामीला फोन करून विचारलं, आपल्या घरात कुणाला असं होतं का? "आपल्या घरात तसलं काही नाही बाप्पा," ती पटकन म्हणाली. मग जरा वेळाने, "तुझ्या आजोबाच्या धाकट्या भावाचं मन लागत नव्हतं म्हणतात. वर्षभर बोललेच नाही कोणाशी." मला पस्तीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. मी वहीत लिहून ठेवलं, आजोबांच्या डायबेटिसखाली.

तुम्हीही विचारा. घरचा कुणी रोजच्यासारखा राहिलेला नसेल, झोप उडाली असेल, "माझ्यामागे यांचं कसं होणार" हे वाक्य परत परत म्हणत असेल, तर त्याला टेन्शन म्हणून सोडून देऊ नका. घरात आधी कुणाला असं झालं असेल तर डॉक्टरला ते आधी सांगा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, फुकट, मराठीत मिळते. नंबर स्वतःसाठीही चालतो.

असो. यवतमाळचं इतकं का होतं, याचं माझं उत्तर आता थोडं लांबलंय. कँटीनमध्ये एका चहात मावेल असं वाटत नाही.