मधुमेहाची सुई : काल आणि आज

मधुमेहावरची आणि वजन उतरविणारी नवी सुई घ्यावी कीं न घ्यावी, हा प्रश्न आज पुष्कळ सुशिक्षित घरांत निघतो. त्याचें उत्तर वैद्यानें द्यावयाचें. परंतु वैद्याला काय विचारावें, हें इतिहास सांगूं शकतो.

१९२२ पूर्वीं मधुमेही मुलाला उपचार एकच होता, तो म्हणजे उपासमार. लघवींतील साखर नाहींशी होईपर्यंत आहार तोडीत. मुलें कांहीं काळ जगत, पण अस्थिपंजर होऊन. टोरोंटोच्या रुग्णालयांत लिओनार्ड थॉम्प्सन हा चौदा वर्षांचा मुलगा असाच पडून होता. वजन अवघें ६५ पौंड. ११ जानेवारी १९२२ रोजीं बँटिंग व बेस्ट यांचा अर्क त्याला टोचण्यांत आला. गुण अल्प आला, आणि सुईच्या जागीं गळूं झालें. कॉलिप यांनीं अर्क अधिक शुद्ध केला. २३ जानेवारीपासून तो पुन्हा दिला, तेव्हां साखर उतरली. लिओनार्ड आणखी तेरा वर्षें जगला. एका बाजूस सुई व दुसऱ्या बाजूस मृत्यु, अशा वेळीं निर्णयाला जागाच नव्हती.

वजन उतरविणाऱ्या औषधांचा इतिहास निराळा आहे. १९३३ मध्यें अमेरिकेंत डायनायट्रोफेनॉल पुढें आलें. वजन झपाट्यानें उतरे. पण मोतीबिंदूनें कित्येकांची दृष्टि गेली, कांहीं जण अतिज्वरानें दगावले, आणि १९३८ च्या कायद्यानंतर तें बंद पडलें. १९९७ मध्यें फेनफ्लुरामीन हृदयाच्या झडपांना अपाय करतें म्हणून मागें घ्यावें लागलें. दोन्ही औषधांनीं वजन खरोखरच उतरत होतें. अपाय मागाहून दिसला.

आजच्या सुईच्या मागें हे दोन्ही इतिहास आहेत. जेवणानंतर आंतड्यांत स्रवणारें जीएलपी-१ हें द्रव्य इन्शुलिनला चालना देतें व भूक शमवितें. पण रक्तांत तें कांहीं मिनिटेंच टिकतें. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषांत डॉ. जॉन एंग यांना त्यासारखेंच टिकाऊ द्रव्य सांपडलें, आणि २००५ मध्यें त्यावरून पहिलें औषध आलें. पुढच्या सेमाग्लुटाइडला अमेरिकेंत २०१७ मध्यें मधुमेहासाठीं व २०२१ मध्यें वजनासाठीं मान्यता मिळाली. वजनासाठींची त्याची सुई भारतांत २०२५ मध्यें आली.

मधुमेह नसलेल्या स्थूल लोकांच्या चाचणींत ६८ आठवड्यांत वजन सरासरी सुमारें १५ टक्के उतरलें. सुई थांबविल्यावर मात्र वर्षभरांत त्यांतलें दोनतृतीयांश परत आलें. हृदयविकार असलेल्या स्थूल लोकांत हृदयाचे गंभीर प्रसंग २० टक्क्यांनीं घटले, हें २०२३ मध्यें प्रसिद्ध झालें. मळमळ व वांति पुष्कळांना होते, स्वादुपिंडाचा दाह क्वचित्. आणि कुळांत थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग असेल तर ही सुई वर्ज्य.

तेव्हां वैद्याला विचारावें : माझा रोग किती गंभीर आहे? लाभ प्रकृतीचा कीं केवळ रूपाचा? वर्षानुवर्षें घ्यावी लागल्यास खर्च झेपेल काय? ज्याचें जीवन इन्शुलिनवर चाललें आहे, त्यानें नव्या सुईच्या नादानें तें सोडूं नये. ज्याला मधुमेहानें किंवा हृदयविकारानें घेरलें आहे, त्यानें केवळ भीतीपोटीं ती नाकारूं नये. आणि ज्याला लग्नाच्या मांडवांत सडपातळ दिसावयाचें आहे, त्यानें १९३३ सालाची आठवण ठेवावी.