मतदारयादीतील नाव

सिहोरा तहसिलीचा कारभार १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर राजधानी असलेल्या राज्यात चाले, हे येथे वाढलेल्या आपल्या मुलांस बहुधा ठाऊक नसते. म्हणून या भागातील स्त्रियांच्या मताधिकाराची हकीकत काही अंशी आपल्या घरचीच आहे.

१९१९ च्या कायद्याने स्त्रियांच्या मताचा प्रश्न प्रांतिक कौन्सिलांवर सोपविला. मुंबईने तो १९२१ मध्ये सोडविला. मध्यप्रांतास १९२७ साल उजाडावे लागले. तेही मत मालमत्तेच्या अटींनी जखडलेले. मजूर स्त्रीला त्याचा काय उपयोग? पुढे १९३७ साली नागपूरच्या अनसूयाबाई काळे प्रांताच्या विधानसभेच्या उपसभापती झाल्या, १९५२ साली लोकसभेवर गेल्या.

संविधानाने सर्व प्रौढांस मत दिले आणि याद्या करणारे कर्मचारी दारोदार फिरू लागले, तेव्हा निराळीच अडचण उभी राहिली. असंख्य स्त्रिया परक्या पुरुषास आपले नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद! मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत. सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. हा प्रकार ज्या राज्यांत विशेष घडला, त्यांत विंध्य प्रदेशही होता, आणि त्याची हद्द तेव्हाच्या जबलपूर जिल्ह्यास लागून होती. निर्णय कठोर खरा, पण आमच्या मते योग्य. निनावी मतदार हा मतदारच नव्हे.

यावर आपण मराठी मंडळींनी हसू नये. तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नववधूचे नवे नाव लिहिण्याची हौस आपलीच. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे. मग दोन्ही व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र! सरकारी कचेरीत बसणाऱ्या आम्हांस हे कागद चांगलेच परिचयाचे आहेत.

१९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर मध्य प्रदेशाने १९९४ मध्येच पंचायतींच्या निवडणुका घेतल्या. तेव्हा एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी होत्या, पुढे निम्म्या झाल्या. २०१३ व २०१८ साली सिहोऱ्याने नंदनी मरावी यांना विधानसभेवर पाठविले. गावोगावी मात्र 'सरपंचपती' नावाचे एक बिनसरकारी पद निर्माण झाले आहे. बाई निवडून येते, बैठकीत बोलतो नवरा; ठरावाखाली सही तेवढी तिची लागते.