यादी कोणी लक्षात ठेवायची?

१९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये ‘सीयू’ नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम होता. टेलिफोनच्या लाइनवरून दुसऱ्या यंत्राशी बोलायला तो वापरत. एवढ्याशा कामासाठी त्याला दोन प्रोसेस लागत. एक कीबोर्डवरचं वाचून लाइनवर पाठवी, दुसरी लाइनवरून येणारं टर्मिनलवर उमटवी. युनिक्समध्ये ‘रीड’ म्हटलं की समोरून काही येईपर्यंत प्रोसेस तिथेच खोळंबून राही, आणि कीबोर्डपाशी खोळंबलेल्या प्रोसेसला लाइनवर काय आलं याचा पत्ता नसे. मल्टिप्लेक्स फाइलींचा एक प्रयोग त्याच आवृत्तीत होता, पण तो रुजला नाही. अनेक ठिकाणांची एकदम वाट पाहण्याची सोय त्यानंतर चाळीस वर्षं पुन्हा पुन्हा नव्याने घडवावी लागली. हा इतिहास बहुधा ‘जुनं मंद, नवं वेगवान’ अशा थाटात सांगितला जातो, आणि तिथेच त्यातलं मर्म हरवतं. वेगाचा प्रश्न पुढे आला. मूळ प्रश्न होता तो ज्यांची वाट पाहायची त्यांची यादी कोणी सांभाळायची, प्रोग्रॅमने की कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने.

१९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडीमध्ये सॉकेट आले आणि त्यांच्या जोडीला ‘सिलेक्ट’ हा सिस्टिम कॉल. त्याला तीन संच द्यायचे: कुठून वाचायचं आहे, कुठे लिहायचं आहे आणि कुठे काही अपवादात्मक घडतंय का, शिवाय जास्तीत जास्त किती वेळ थांबायचं ते. प्रत्येक फाइल डिस्क्रिप्टरसाठी, म्हणजे उघड्या फाइलीच्या किंवा जोडणीच्या क्रमांकासाठी, एक बिट. कर्नल शून्यापासून दिलेल्या मर्यादेपर्यंत एकेक बिट तपासणार, कुठेच काही नसेल तर प्रोसेसला झोपवणार, आणि उठवताना त्याच संचांवर उत्तर लिहून परत देणार. उत्तरासरशी प्रश्न पुसला जाई, म्हणून पुढच्या खेपेला यादी नव्याने भरावी लागे. कर्नल काहीच लक्षात ठेवत नसे. याला अदूरदृष्टी म्हणणाऱ्यांनी त्या काळाचे आकडे पाहावेत. सातव्या आवृत्तीत एका प्रोसेसला फक्त २० फाइली उघडता येत, आणि ४.२ मधला प्रत्येक संच म्हणजे ३२ बिटांचा एक साधा पूर्णांक होता. एवढी यादी दर वेळी नव्याने सांगायला काय लागतं? उलट, कर्नलने काही आठवत ठेवायचं नाही म्हटल्यावर काही विसरण्याची किंवा चुकीचं आठवण्याची धास्तीही उरत नव्हती. त्या आकाराला तो नेटका आणि प्रामाणिक उपाय होता. सिस्टिम व्ही घराण्यातल्या ‘पोल’ने पुढे बिटांऐवजी नोंदींची रांग आणली, विचारणा आणि उत्तर वेगवेगळ्या खणांत ठेवलं, पण यादी दर खेपेला अख्खी सांगायची, हा रिवाज त्यानेही सोडला नाही.

नव्वदच्या दशकात वेबने परिस्थिती बदलली. एका सर्व्हरला हजारो जोडण्या असत आणि त्यांतल्या बहुतेक कोणत्याही क्षणी निपचित असत. पोस्टात जाऊन साऱ्या गावाची नावं वाचून दाखवायची, पोस्टमास्तरने प्रत्येक नावाचा खण चाळायचा आणि तिघांचीच पत्रं हातात ठेवायची. मग लगेच तीच नावं पुन्हा पहिल्यापासून वाचायची, असा हा व्यवहार होऊन बसला. खर्च जागृत जोडण्यांच्या हिशेबाने वाढायला हवा होता, तो झोपलेल्यांच्या हिशेबाने वाढत होता. १९९९ मध्ये डॅन केगल यांनी एकाच यंत्राने दहा हजार ग्राहक कसे सांभाळावेत, हा प्रश्न ‘सी१०के’ या नावाने मांडला. त्याच वर्षी युसेनिक्सच्या परिषदेत गौरव बंगा, जेफ्री मोगल आणि पीटर ड्रुशेल यांनी रोगाचं नेमकं निदान केलं: कोणावर लक्ष ठेवायचं ते कर्नलला एकदाच सांगावं आणि पुढे फक्त घडलेल्या घटना विचाराव्यात. जोनाथन लेमन यांचा ‘केक्यू’ २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.१ मधून आला. दाविदे लिबेन्झी यांचा ‘ईपोल’ २००२ मध्ये लिनक्सच्या प्रायोगिक शाखेत शिरला आणि २००३ च्या अखेरीस २.६ मधून सर्वांना मिळाला. ईपोलमध्ये नावनोंदणी आणि वाट पाहणं हे वेगळे कॉल आहेत. माहिती आली की कर्नल त्या जोडणीला स्वतःहून तयार असलेल्यांच्या रांगेत लावतो, बाकीच्यांकडे पाहावंही लागत नाही.

यावर एक आक्षेप जुना आहे आणि वजनदारही: दर जोडणीला एक थ्रेड दिला तर कोणालाच यादी धरून बसावं लागत नाही, आणि प्रोग्रॅम सरळ वरून खाली वाचता येतो. तो वाचता येतो हे खरंच, आणि त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण थ्रेड खोळंबला म्हणजे यादी नाहीशी झाली असं नव्हे. ती शेड्यूलरच्या पोटात गेली, आणि प्रत्येक नोंदीमागे एक अख्खा स्टॅक राखून ठेवावा लागला. गो भाषेने यातून वाट काढली. तिथे लिहिणाऱ्याला साधं खोळंबणारं वाचन दिसतं. खाली तिचा रनटाइम लिनक्सवर ईपोल आणि बीएसडीवर केक्यूच वापरत असतो. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. कर्नल लक्षात ठेवू लागला की दोघांच्या आठवणी जुळेनाशा होऊ शकतात. ईपोल नोंद ठेवतो ती क्रमांकामागच्या उघड्या फाइलीशी बांधून. म्हणून डिस्क्रिप्टरची दुसरी प्रत कुठे शिल्लक असेल, तर आपण बंद केलेल्या क्रमांकाच्या घटनाही येत राहतात. ‘सिलेक्ट’मध्ये ही चूक घडूच शकत नव्हती. दहा हजार जोडण्यांसाठी ही किंमत मोजणं मला योग्य वाटतं. पाच-दहांसाठी ‘पोल’ आजही पुरतो.

डिस्कवरच्या फाइलींचं कोडं मात्र या साऱ्या घराण्याला सुटलं नाही. पोसिक्सच्या नियमाप्रमाणे साधी फाइल नेहमीच ‘तयार’ असते. मग प्रत्यक्ष वाचताना डिस्कसाठी प्रोसेस कितीही खोळंबो. ‘तयार आहे का’ असं विचारण्याऐवजी ‘काम झालं की सांग’ म्हणण्याची पद्धत विंडोज एनटीत नव्वदच्या दशकापासून होती. लिनक्सला तिचं भक्कम रूप २०१९ मध्ये ५.१ या आवृत्तीत मिळालं, येन्स आक्स्बो यांच्या ‘आयओ यूरिंग’मधून. सॉकेटच्या बाबतीत मात्र त्याच्याही आत तेच जुनं वाट पाहणं चालतं. वाचायला सांगितलेल्या सॉकेटवर काही आलेलं नसेल, तर कर्नल स्वतःच तिथे पहारा लावून ठेवतो, माहिती आली की वाचन उरकतो आणि प्रोग्रॅमच्या हाती थेट निकाल देतो.