राष्ट्रपती स्काउट आणि क्रॉफर्डचे मामलेदार

दिल्लीच्या सरोजिनी नगरात मी काही वर्षे राहिलो. या वसाहतीचे जुने नाव विनय नगर. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी बांधलेली दुमजली घरे, मधे हिरवळीचे चौकोन, कडुलिंबाची झाडे आणि पलीकडे तो प्रसिद्ध बाजार. बाहेरच्यांना सरोजिनी नगर म्हणजे स्वस्त कपड्यांचा बाजार एवढेच ठाऊक असते. आम्हा रहिवाशांना मात्र ते पदानुक्रमाचे गाव वाटे. तुमचा पगार किती, यावर तुमचे घर कोणत्या टाइपचे हे ठरे आणि नोकरीत कधी लागलात यावर ते कधी मिळेल हे ठरे. त्यामुळे शेजाऱ्याच्या घराच्या खोल्या मोजल्या की त्याचा हुद्दा कळत असे. अशा गावात 'वरची पायरी कोणाला मिळावी' हा प्रश्न जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचतो, यात नवल नाही.

मी तेव्हा अवर सचिव होतो. आमच्या मागच्या ओळीत साताऱ्याकडचे एक मराठी कुटुंब राहत असे. गृहस्थ एका मंत्रालयात सहायक होते. एका रविवारी सकाळी ते घरी आले आणि चहाचा कप हातात धरून बराच वेळ नुसते बसून राहिले. मग म्हणाले, "साहेब, एक विचारू? पोरानं खरं सांगितलं म्हणून त्याला शिक्षा होत असेल, तर खोटं बोललेलं परवडलं, असंच ना?"

हकीकत अशी. त्यांचा मुलगा शाळेच्या स्काउट पथकात होता. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान आणि राज्य पुरस्कार या सगळ्या पायऱ्या त्याने ओलांडल्या होत्या. आता शेवटची पायरी उरली होती, राष्ट्रपती स्काउट. परीक्षण शिबिरासाठी नाव पाठवायची वेळ आली, तेव्हा स्काउटमास्तरांनी त्याची सेवेची वही चाळली. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर काम केल्याच्या चार नोंदी त्यांना खटकल्या. त्या मित्राच्या वहीतल्या नोंदींशी अक्षरशः जुळत होत्या. मास्तरांनी विचारले आणि मुलाने क्षणभरही आढेवेढे न घेता सांगून टाकले की त्या चारही रविवारी तो क्रिकेट खेळत होता. मास्तरांनी नाव रोखले.

वडिलांची तळमळ समजण्यासारखी होती. रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून भरती होते आणि तिथे राष्ट्रपती पुरस्काराला वजन असते. सहायकाच्या घरात हा पुरस्कार म्हणजे भिंतीवरची शोभेची फ्रेम नव्हे, ती नोकरीची एक शक्यता असते. शिवाय त्यांचा एक युक्तिवाद असा होता की नियमावलीत लागतात तेवढे सगळे पदक-बिल्ले मुलाने मिळवले आहेत. गाठी, प्रथमोपचार, नकाशावाचन, सगळ्या परीक्षा तो पास झाला आहे. चार रविवार वगळले, तरी सेवेचे तास किमान मर्यादेच्या वरच राहतात. मग अडवायचे कशासाठी?

मी त्यांना काय उत्तर दिले ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण हा प्रश्न सरोजिनी नगरात जन्मलेला नाही.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनी पहिले शिबिर घेतले आणि १९०८ मध्ये त्यांचे पुस्तक आले. भारतात १९०९ मध्ये बंगळूर येथे पहिले पथक निघाले, पण ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते होते. भारतीय मुलांना दार बंद असल्यामुळे अ‍ॅनी बेझंट आणि अरुंडेल यांनी मद्रासेत, तर पं. मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी अलाहाबादेत स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. १९३७ मध्ये दिल्लीत जांबोरी झाली, तिला बेडन-पॉवेल स्वतः आले होते. पण त्यानंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी, विशेषतः त्यांच्या 'ऑनर'च्या जाणिवेविषयी, त्यांनी काढलेले उद्गार इथल्या लोकांना फार झोंबले आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन निघाली. स्वातंत्र्यानंतर या फाटाफुटीवर तोडगा काढण्याच्या प्रयत्नांत नेहरू आणि मौलाना आझाद यांच्याबरोबर मंगलदास पक्वासा होते. नागपूरला मध्य प्रांताचे राज्यपाल म्हणून वाचकांपैकी काही वडीलधाऱ्यांना ते आठवत असतील. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकत्रित संस्था झाली आणि पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गर्ल गाइड्सही तीत आल्या.

हे सगळे सांगण्याचे कारण तो 'ऑनर' हा शब्द. मराठीत त्याला अब्रू म्हणावे, की मान, की इमान? अब्रू लोकांच्या डोळ्यांत असते, मान दुसऱ्याने द्यायचा असतो. इमान मात्र माणसाचे स्वतःशी असते. स्काउटचे वचन इमानावर घेतलेले आहे आणि त्याच्या नियमांतला पहिलाच नियम तो विश्वसनीय असतो असा आहे. म्हणजे गाठ मारता येणे ही एक अट आणि विश्वसनीय असणे ही दुसरी. पहिली परीक्षेत मोजता येते. दुसरी मोजायला कोणतीही फूटपट्टी नाही, पण तिच्यावाचून पहिलीला काही अर्थ उरत नाही.

बेडन-पॉवेल यांचे बिल्ल्यांविषयीचे मत आमच्या बाबू मंडळींनी जरूर वाचावे. त्यांच्या मते बिल्ला द्यायचा तो कामाच्या दर्जावर नव्हे, तर त्या मुलाने स्वतःकडून किती प्रयत्न केला त्यावर. एखाद्या पांगळ्या मुलाने निम्मे काम केले असेल, पण जीव ओतून केले असेल, तर तो पात्र. एखाद्या हुशार मुलाने सहज पूर्ण गुण मिळवले असतील, तर त्याच्याविषयी मात्र विचार करावा लागेल. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुले 'ईगल स्काउट' होण्यासाठी धडपडतात, तेव्हा तिथेही हाच पेच येतो. तिथल्या नियमांनुसार छापील अटींत कोणालाही भर घालता येत नाही किंवा कपातही करता येत नाही. पण त्या छापील अटींतच स्काउटवृत्तीने वागल्याचे दाखवणे ही एक अट आहे. नियमाने हात बांधले आणि नियमानेच एक खिडकी उघडी ठेवली!

प्रशासनातही खिडक्या आहेत, फक्त आपण त्या मागच्या बाजूला काढल्या. १९९६ पूर्वीच्या वेतनश्रेण्यांत 'दक्षतारोध' नावाचा एक अडसर असे. ठराविक टप्प्यावर पुढची वेतनवाढ आपोआप मिळत नसे, माणूस लायक आहे असे कोणीतरी लिहावे लागे. व्यवहारात ते बहुतेक वेळा शिक्क्यापुरते उरले होते आणि पाचव्या वेतन आयोगानंतर तो रोध गेला. मग उरला गोपनीय अहवाल. त्यातला नियम असा होता की प्रतिकूल शेरा असेल तरच तो कर्मचाऱ्याला कळवायचा. 'साधारण' हा शेरा प्रतिकूल मानला जात नसे, म्हणून तो कळवला जात नसे. पण पदोन्नतीला 'चांगला' लागे. म्हणजे माणसाची वाट अडे आणि ती का अडली हे त्याला कधीच कळत नसे.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या हाताखाली एक अनुभाग अधिकारी होते. नऊला येत, साडेपाचला जात, आलेली फाइल त्याच दिवशी पुढे ढकलत. चूक कधी नाही, पण एका टिप्पणीत स्वतःचे असे एक वाक्य नाही. मी दोन वर्षे त्यांना 'साधारण' लिहिले. त्यांना बोलावून कधी सांगितले नाही. सांगायला नको होते असे नव्हे, सांगणे जड जात होते. माझ्या दृष्टीने ते किमान प्रयत्नाचे पूर्ण प्रतीक होते. पण आज विचार करतो, तेव्हा त्या दोन ओळी लिहिताना मीही किमान प्रयत्नच केला होता हे मान्य करावे लागते.

१२ मे २००८ रोजी देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, संबंधिताला कळवलाच पाहिजे. देव दत्त हे सीमा रस्ते अभियांत्रिकी सेवेतले कार्यकारी अभियंता. पदोन्नतीसाठी पाचही वर्षे 'खूप चांगला' लागत होता. एका वर्षी 'चांगला' होता आणि तो त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. 'चांगला' हा शब्द माणसाचे वाईट करू शकतो, हे न्यायालयाने आम्हाला समजावून दिले. त्यानंतरच्या वर्षापासून अहवाल उघड झाले. माझ्या त्या अधिकाऱ्यांच्या वेळी हे झाले असते, तर कदाचित त्यांनी भांडण केले असते, कदाचित टिप्पणीत एखादे वाक्यही लिहिले असते.

आता गैरवर्तनाकडे येतो, आणि त्यासाठी पुण्याला जावे लागेल.

मुंबईचा क्रॉफर्ड मार्केट, आताची महात्मा जोतिराव फुले मंडई, ज्याच्या नावाने ओळखला गेला तो आर्थर क्रॉफर्ड मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. कर्तबगार, धडाडीचा आणि खर्चाला हात सैल. पुढे तो मध्य विभागाचा आयुक्त म्हणून पुण्यात आला. १८८८ मध्ये त्याच्यावर आरोप आला की हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत तो मामलेदारांकडून नेमणुका, बढत्या आणि बदल्यांसाठी पैसे घेतो. पुरावा द्यायचा कोणी? ज्यांनी पैसे दिले, त्या मामलेदारांनीच. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने त्यांना अभय दिले की खरे सांगा, तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही. मामलेदार बोलले. हणमंतरावाला शिक्षा झाली. चौकशी आयोगाने मात्र क्रॉफर्डला लाचेच्या आरोपातून सोडले, पण हाताखालच्या मुलखातील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल त्याला सेवेतून जावे लागले.

पण खरे वादळ पुढे उठले. मामलेदाराला फौजदारी अधिकार असत. लाच दिल्याची कबुली दिलेला माणूस दुसऱ्या दिवशी न्यायासनावर कसा बसणार, असा प्रश्न थेट ब्रिटिश पार्लमेंटात विचारला गेला. कलकत्ता आणि लंडन येथून मुंबई सरकारवर दडपण आले. अखेर १८८९ मध्ये साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण देणारा कायदा झाला. पण मामलेदारांची वर्गवारी केली गेली. ज्यांच्याकडून पैसे उकळले गेले होते ते राहिले, आणि ज्यांनी आपल्या लाभासाठी दिले होते त्यांना घरी पाठवण्यात आले. टिळकांनी मामलेदारांची बाजू घेतली, आणि त्यांचा मुद्दा मला आजही निर्विवाद वाटतो. अभय दिल्यावर बोललेला माणूस आणि पकडला गेलेला माणूस यांना एकाच तराजूत घालता येत नाही. दिलेला शब्द सरकारने मोडला, तर पुढच्या वेळी कोणी बोलणार नाही.

पण, आणि इथे मी त्या काळच्या पुणेकरांपासून थोडा वेगळा होतो, पार्लमेंटातला प्रश्नही चुकीचा नव्हता. बढती विकत घेतलेला माणूस ती बढती कशी उपभोगणार? त्याला तुरुंगात घालू नये हे एक, आणि त्याने वर चढलेले राहावे हे दुसरे. माफी आणि बक्षीस यांत अंतर आहे.

आमच्या सेवानियमांतला 'मोहोरबंद लिफाफा' हे त्या अंतराचेच एक रूप म्हणता येईल. चौकशी चालू असताना पदोन्नती समिती माणसाचा विचार करते, पण निष्कर्ष लिफाफ्यात बंद ठेवते. १९९१ च्या जानकीरामन खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की आरोपपत्र दिल्यावरच लिफाफा वापरता येईल, नुसत्या संशयावर नाही. निर्दोष सुटला तर लिफाफा फोडून त्याला त्याची जागा देता येते. पण मुलाच्या आयुष्यात लिफाफा फार काळ बंद ठेवता येत नाही. स्काउटचे वय वाढत असते.

मी त्या गृहस्थांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, मुलाने लगेच कबूल केले, म्हणून त्याच्या मागच्या पायऱ्यांना कोणी हात लावता कामा नये, आणि तो मान पथकाने त्याला दिलाच पाहिजे. दुसरी, त्या चार रविवारांच्या जागी चार नवे रविवार त्याने बूथवर घालवावेत, आणि मग त्याचे नाव जावे. कबुलीमुळे दार कायमचे बंद होऊ नये, पण नुसत्या कबुलीने ते उघडूही नये. ते म्हणाले, "म्हणजे उशीर होणार." मी म्हटले, "होणार." त्यांना ते पटले नाही, पण जाताना कप स्वतः उचलून आत ठेवला.

स्काउटमास्तरांशी मी बोललो नाही. अधिकाऱ्याने शाळेच्या मास्तरांना फोन करणे ही आमच्या गावची सवय आहे आणि तिचा परिणाम मला माहीत आहे. मात्र त्यांनी स्वतःहून जवळपास तेच ठरवले होते असे नंतर कळले. दरम्यान त्या वर्षीचे शिबिर होऊन गेले आणि पुढच्या वेळी मुलगा स्काउटच्या वयोमर्यादेतून बाहेर पडला. तो रोव्हर पथकात गेला. रोव्हरलाही राष्ट्रपती पुरस्कार असतो, पण तो मिळाला की नाही हे कळण्याआधीच माझी बदली झाली.

२०१६ मध्ये सरोजिनी नगरच्या पुनर्विकासाला मंजुरी मिळाली आणि पुढे ती दुमजली घरे पाडायला सुरुवात झाली. त्याच सुमारास ते गृहस्थ मला भेटले. निवृत्त होऊन साताऱ्याला निघाले होते आणि सामान आवरताना मुलाची ती वही सापडली म्हणून दाखवायला घेऊन आले होते. चारही खोट्या नोंदींवर लाल शाईची एकेक तिरपी रेघ होती. समोर, थोड्या बदललेल्या अक्षरात, चार नव्या तारखा आणि बूथचा क्रमांक लिहिलेला होता. शेवटच्या तारखेखाली मास्तरांची सही होती. त्या तारखेला मुलगा स्काउट राहिलेला नव्हता.