कार्ब्युरेटरच्या शर्यती मोटारीत सेन्सर बसवावा कोठे?

इंजेक्शन प्रणालीच्या मोटारींत हवा व इंधन यांचे प्रमाण संगणक सतत दुरुस्त करीत असतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनाला ही सोय नाही. अमेरिकेत नॅस्कारच्या सर्वोच्च शर्यत मालिकेत २०११च्या मोसमापर्यंत कार्ब्युरेटरच होता; इंधन इंजेक्शन २०१२ मध्ये आले. तेथील स्थानिक धावपट्ट्यांवर व ड्रॅग शर्यतींत मात्र कार्ब्युरेटर अद्याप टिकून आहे. अशा मोटारीच्या एक्झॉस्टमधील ‘वाइडबँड’ सेन्सर केवळ आकडा दाखवतो. त्यावरून जेट बदलायचे की नाही, हे मेकॅनिकने ठरवायचे असते.

आकड्याचा अर्थ

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी १ भाग इंधनामागे वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. कमाल ताकदीसाठी हे प्रमाण साधारण १२.५ ते १३ ठेवले जाते. सेन्सर इंधन मोजत नाही. जळून बाहेर पडलेल्या वायूतील प्राणवायूवरून तो प्रमाण काढतो. त्यामुळे बाहेरची हवा पाइपात शिरली, तर मिश्रण योग्य असूनही तो ते ‘लीन’, म्हणजे इंधन कमी असलेले, दाखवतो. या खोट्या आकड्यावर विसंबून मोठे जेट बसवल्यास पेट्रोल वाया जाते आणि ताकदही घटते.

योग्य जागा

सिलिंडरच्या नळ्या जेथे एकत्र येतात, त्या कलेक्टरच्या थोडे पुढे वायू चांगले मिसळलेले असतात. इंजिनाच्या फार जवळ सेन्सर बसवल्यास त्याला अतिउष्णता सोसावी लागते. पाइपाच्या उघड्या टोकाशी बसवल्यास, विशेषतः कमी वेगावर, बाहेरची हवा उलट आत ओढली जाऊन आकडा चुकतो. शर्यती मोटारीचा पाइप आखूड असल्याने हीच मोठी अडचण ठरते. म्हणून चाचणीपुरता जादा पाइप जोडला जातो.

सेन्सर पाइपाच्या वरच्या भागात, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर असावा. खाली बसवल्यास साचलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकला तडा पाडू शकते.

सरासरीचा धोका

व्ही-८ इंजिनात दोन्ही बाजूंना स्वतंत्र सेन्सर असणे श्रेयस्कर. तरीही प्रत्येक सेन्सर चार सिलिंडरांची सरासरीच सांगतो. कार्ब्युरेटरमधून सर्व सिलिंडरांना सारखे मिश्रण मिळतेच असे नाही. सरासरी उत्तम दिसत असताना एखादा सिलिंडर ‘लीन’ राहिला, तर पूर्ण वेगात त्याचा पिस्टन वितळू शकतो. यासाठी स्पार्क प्लगचा रंग आणि प्रत्येक नळीचे तापमानही तपासावे लागते.

दक्षता

सेन्सरच्या आधीच्या जोडांत गळती नसावी. ठिणगी चुकली की न जळलेला प्राणवायू बाहेर पडतो आणि आकडा पुन्हा ‘लीन’ दिसतो. शिसेयुक्त शर्यती इंधनाने सेन्सरचे आयुष्य घटते. हीटर बंद ठेवून इंजिन चालवल्यास सेन्सरवर काजळी धरते. त्यामुळे तो वापरात नसेल तेव्हा काढून ठेवावा व छिद्राला प्लग लावावा.